चार तासांचा ससा

मी आयुष्यात काढलेला पहिला उंदीर पुसावा लागला. आष्ट्याजवळच्या एका अंगणवाडीची भिंत होती. तिथल्या सेविका शोभाताई दारात उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "दस्तगीरभाई, अक्षरं लय झ्याक आलीत. पण ह्ये जनावर कंचं म्हणायचं?"

मी म्हटलं, उंदीर आहे, टीव्हीवरचा. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी पोरं त्या भिंतीकडं तोंड करून बसायला तयार होईनात. मोबाईलमधला फोटो मी घरी मुमताजला, म्हणजे माझ्या बायकोला, दाखवला. तिनं चष्मा लावून नीट बघितलं. "ही घूस हाय," ती म्हणाली. "आणि उपाशी हाय."

तेव्हा माझं वय सेहेचाळीस होतं आणि त्यातली तीस वर्षं ब्रश हातात होता. आष्टा, सांगली, इस्लामपूर या पट्ट्यातल्या जुन्या दुकानांच्या पाट्या बघितल्यात तर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'दस्तगीर पेंटर' सापडेल. मी अक्षरांचा माणूस. खताचं दुकान, कापडदुकान, पिठाची गिरणी, ट्रॅक्टरच्या मागचं नाव, लग्नाच्या मांडवातलं स्वागत. पाटीचं गणित सोपं असतं. मोटरसायकलवरून जाणाऱ्याला दोन क्षणांत वाचता आली पाहिजे. तो थांबून वाचायला लागला तर पेंटर चुकला. दोरीला खडू लावून भिंतीवर सरळ रेघ मारायची, अक्षरांच्या जागा वाटून घ्यायच्या आणि श्वास रोखून ब्रश ओढायचा. काना खाली येताना श्वास सोडला तर काना हलतो.

मग फ्लेक्स आला. मला दोन दिवस लागायचे ती पाटी मशीन चहा होईपर्यंत बाहेर टाकायला लागलं, तीही मालकाच्या फोटोसकट. मी कुणाला दोष देत नाही. मालकांना आपला फोटो हवाच होता, आणि तो मला येत नव्हता.

राहिल्या शाळा आणि अंगणवाड्या. त्यांच्याकडं 'बोलक्या भिंती' करायची टूम निघाली होती. मुळाक्षरं, फळं, पाढे आणि मधेमधे टीव्हीवरची पात्रं. अक्षरं मला येत होती. फळंही जमली. पात्रांनी मात्र घाम काढला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चार गोल आणि दोन डोळे, त्यात काय. पण माणसाचं चित्र जरा चुकलं तर लोक म्हणतात, दुसऱ्या कुणाचं तरी असेल. ही जुनी पात्रं साऱ्या जगाला पाठ असतात. कान बोटभर खाली आला की चार वर्षांचं पोरगं सांगतं, हा तो न्हाई. तिथं पेंटरला लपायला जागाच नाही.

शिकवणार कोण? शेजारच्या घरातलं दप्तर मी मागून आणलं, डबा आणला, कंपासपेटी आणली. त्यावरची चित्रं समोर ठेवून पोरांच्या दगडी पाटीवर खडूनं गिरवायला लागलो. कागद वापरला नाही, कारण कागदावरची चूक शिल्लक राहते आणि दुसऱ्या दिवशी परत तोंड दाखवते. मुमताजनं फडताळातून वाट्या काढून दिल्या. एक मोठी, दोन लहान. मोठ्या वाटीचं डोकं, लहान वाट्यांचे कान. महिनाभर आमच्या घरात आमटी ताटलीतून प्यायली जात होती.

हळूहळू कळायला लागलं. बुबुळ कुठं ठेवलं यावर पात्र कुणाकडं बघतंय ते ठरतं, आणि दोन्ही बुबुळांत एका सुताचा फरक पडला की ते चकणं होतं. हाताला बोटं चारच काढायची. पाच काढली की केळ्याचा घड दिसतो. पळणाऱ्या पात्राची आधी नुसती एक वाकडी रेघ काढायची, धनुष्यासारखी, मग त्या रेघेला डोकं-हात-पाय लावायचे. सरळ रेघेवर बांधलेलं पात्र पळत नाही, कवायत करतं. माझा हात तर तीस वर्षं सरळ रेघेचा! तो वाकायला दोन वर्षं गेली.

शोभाताईंच्या भिंतीवर मी परत जाऊन उंदीर काढला, त्याचे पैसे मागितले नाहीत. त्यांनी तो बघितला आणि पोरांना त्या भिंतीकडं तोंड करून बसवलं.

मग कामं लांबून यायला लागली. शिरवळला एका नर्सरीत मी बदक काढलं. अंगात सदरा, डोक्यावर टोपी, जसं असतं तसं. मॅनेजर म्हणाले, पालकांच्या तक्रारी येतील, त्याला खाली काहीतरी घाला. मी समजावलं, पण ते हटले नाहीत. मी निळी चड्डी घातली. बदक एकदम शाळेच्या पीटीच्या सरांसारखं दिसायला लागलं. खरे पीटीचे सर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वाईला बालवाडी चालवणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांना मांजर आणि उंदीर हवे होते, पण भांडण नको होतं. मी दोघांना एका ताटात जेवायला बसवलं. वर्षानं त्या गावी गेलो तेव्हा कुणीतरी कोळशानं मांजराच्या हातात काठी दिली होती. बाईंनी ती पुसली नव्हती. म्हणाल्या, "मुलांचं बहुमत आहे, मी काय करू?"

अशातच सांगलीच्या एका दवाखान्यातून फोन आला. तिथं लहान मुलांच्या विभागात एक खोली होती. थॅलेसेमियाची मुलं तिथं रक्त घ्यायला यायची. डॉक्टरबाईंनी मला सोप्या शब्दांत सांगितलं की या मुलांच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी बाहेरून द्यावं लागतं, आणि हे जन्मभर चालतं. एका वेळेला चार तास लागतात. हाताला सुई, वर पिशवी, आणि समोर भिंत. ती भिंत मला रंगवायची होती.

रक्त द्यायचे वार ठरलेले होते. त्या दिवशी रंगाचा वास नको, म्हणून मी नुसती पेन्सिल घेऊन जायचो आणि आखणी करायचो. रंग बाकीच्या दिवशी. पहिली भिंत मी मन लावून केली. उंदीर पळतोय, बदक पळतंय, कुत्रा उडी मारतोय, हत्ती सायकलवर. मला येत होती ती सगळी पात्रं मी एका ओळीत पळवली. डॉक्टरबाई खूश झाल्या. मी पण झालो.

मुलं दहा मिनिटं खूश होती. नंतर त्यांनी माना वळवल्या. मला ते लागलं. माझं जन्माचं काम दोन क्षणांत वाचून होणारं, आणि इथं चार तास पुरेल असं काहीतरी हवं होतं. हे डोक्यात यायला मला एका मुलीची गरज पडली.

तिचं नाव अक्षता. तेव्हा नऊ वर्षांची. आष्ट्याच्या पुढच्या एका गावची, चौगुल्यांची. तिच्याबरोबर तिचे वडील यायचे, भूपालअण्णा. ऊस आणि हळद करणारा माणूस, बोलणं कमी. ते स्टुलावर बसायचे आणि चार तास उठायचे नाहीत. अक्षताची खाट कोपऱ्यातली. तिच्या समोरची भिंत अजून कोरी होती. मी तिथं पेन्सिल टेकवली तेव्हा तिनं विचारलं, "काका, हे सगळे कुठं निघालेत?"

मी म्हटलं, फिरायला.

"मग इथं कोण थांबणार?"

मला वाटलं, पोरीला काय पाहिजे ते मला कळलं. त्या आठवड्यात मी तिच्या समोर एक ससा काढला. हा कुठल्या दप्तरावरचा नव्हता, माझा मी काढलेला पहिलाच. खाटेवर बसलेला, हसरा, आणि हाताला तिच्यासारखीच सुई, वर लाल पिशवी. तुझ्यासारखाच आहे बघ, असं सांगायचं होतं. मला त्या कल्पनेचा फार अभिमान वाटत होता. मुमताजलाही फोटो दाखवला. तिनं बघून मोबाईल उलटा ठेवला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

अक्षता आली, खाटेवर बसली, सशाकडं बघितलं आणि तोंड खिडकीकडं केलं. माने सिस्टर म्हणून तिथं एक प्रेमळ बाई होत्या. त्यांनी विचारलं, ससा आवडला नाही का? मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, "त्याला कशाला सुई लावलीत? त्यानं काय केलंय?"

भूपालअण्णांनी मान खाली घातली. मी खोलीच्या बाहेर येऊन जिन्यात उभा राहिलो. तिला सुई लागायला अजून वेळ होता. ते मागनं आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तुमचं चुकलं न्हाई, तिला कवा काय लागंल आमालाबी कळत न्हाई. पण चुकलं होतं. तिचं दुखणं मी सजावटीला वापरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या सशावर पांढरा हात मारला. पुढच्या खेपेला तिला विचारलं, आता तू सांग, काय करू दे त्याला? खेळू दे, खाऊ दे, पतंग उडवू दे? तिनं प्रत्येकाला नाही म्हटलं. मग म्हणाली, "नुसता बसू दे."

नुसतं बसलेलं पात्र काढणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे, हे मला तेव्हा कळलं. पळणाऱ्याच्या चुका पळण्यात झाकून जातात. बसलेल्याला वजन लागतं. ते नसेल तर तो हवेत ठेवल्यासारखा दिसतो. मी पाटीवर पंधरा-वीस ससे बसवले, एकही बसला नाही. कुणी पाहुण्यासारखा अवघडून बसला, कुणी फोटोला बसल्यासारखा.

एक दिवस आखणी करताना माझं लक्ष भूपालअण्णांकडं गेलं. ते स्टुलावर होते. पाठीला जरा बाक, खांदे सैल, दोन्ही हात गुडघ्यांच्या मधे, हातात टोपी. पोरीकडं बघत नव्हते, पिशवीकडं बघत नव्हते. पण तिनं कूस बदलली की त्यांचा पाय हलायचा. मी झोळीतली दगडी पाटी काढली आणि तिथल्या तिथं गिरवलं.

तो ससा भिंतीवर आला. पाठीला बाक, खांदे सैल, पंजे गुडघ्यांच्या मधे. चेहऱ्यावर हसू ठेवलं नाही, दुःखही ठेवलं नाही. कुणाचं बघून काढला ते मी कुणालाच सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला अक्षतानं तो बघितला. सुई लावून झाली, रक्त चालू झालं, तरी बघत होती. मग तिनं स्टुलाकडं बघितलं. "आप्पा," ती म्हणाली, "तुमच्यावाणी बसलाय."

भूपालअण्णांनी भिंतीकडं बघितलं. उठले, आणि मी बघत होतो तेव्हापासून पहिल्यांदा रक्त चालू असताना खोलीच्या बाहेर गेले. बऱ्याच वेळानं परत आले तेव्हा डोळे धुतलेले होते आणि हातात माझ्यासाठी चहा होता.

त्या दिवसापासून तिनं चित्र शिकायचा हट्ट धरला. ज्या हातानं काढायचं तो मोकळा ठेवायचा म्हणून माने सिस्टर सुई डाव्या हाताला लावायला लागल्या. रंगकाम संपलं होतं, तरी तिच्या वाराला मी जमेल तसं सांगलीला जायचो. मी शिकलो त्याच क्रमानं तिला शिकवलं. आधी उंदीर, मग बदक, मग कुत्रा. वाटी नव्हती म्हणून औषधाच्या बाटलीचं झाकण घेतलं. मला दोन वर्षं लागलेली वाकडी रेघ तिला दुसऱ्या खेपेला आली. तिच्या हाताला कधी सरळ रेघेची सवयच लागली नव्हती.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. एकदा तिच्या सशाचा कान वाकडा आला. मी तिच्या हातातली पेन्सिल घेतली, खोडलं आणि माझ्या हातानं कान नीट करून दिला. पाटी तपासायची जुनी खोड. पुढच्या दोन खेपांना तिनं वहीच आणली नाही. सहा आठवडे मी त्या कानाबद्दल विचार करत होतो. मग तिला म्हटलं, तुझा वाकडा होता तोच बरा होता, माझा पाटीवरच्या कान्यासारखा झाला. ती हसली नाही, पण पुढच्या वेळी वही आली.

मग कोरोनाची बंदी आली. रक्तदानाची शिबिरं थांबली आणि रक्तपेढीत पिशव्या मिळेनात. या मुलांचे तीन आठवडे काही थांबत नाहीत. एका सकाळी भूपालअण्णांचा फोन आला. म्हणाले, "दस्तगीरभाई, मागायला जीभ रेटत न्हाई. गावातली चारजणं देऊन आली. तुमी येताय का?"

मी तोपर्यंत कधी रक्त दिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला सुईची भीती. खिळा लागला तर हळद लावून गप्प बसणारा माणूस मी. सशाच्या हाताला सुई काढताना माझं काहीच गेलं नव्हतं. दवाखान्याची चिठ्ठी मोबाईलवर मागवली, नाक्यावर पोलिसांना दाखवली आणि मोकळ्या रस्त्यानं सांगलीला गेलो. सुई आत जाताना मी तोंड भिंतीकडं केलं. रक्तपेढीची भिंत, तिच्यावर काहीच नव्हतं. जेमतेम दहा मिनिटं लागली असतील. मला ती सरता सरेनात.

माझा गट वेगळा, त्यामुळं माझं रक्त तिला गेलं नाही. पण माझ्या पिशवीच्या बदल्यात रक्तपेढीतून त्या दिवशी तिच्या गटाची पिशवी मिळाली. वरच्या खोलीत जायला परवानगी नव्हती. मी खाली आवारात उभा होतो. अक्षता खिडकीत आली, मास्क लावलेली, आणि वही काचेला लावून दाखवली. इतक्या लांबून मला काही दिसलं नाही. मी मान डोलावली.

त्यानंतर माझं जाणं कमी झालं. गुडघे दुखायला लागले, शिडी चढवेना. साताऱ्याकडची कामं सोडली. दवाखान्याची नवी इमारत झाली आणि मुलांची खोली तिकडं गेली. तिथं खालपासून वरपर्यंत टाइल्स, पुसायला सोप्या. रंगाला जागा नाही आणि परवानगीही नाही. जुन्या खोलीत आता कागदपत्रांची कपाटं उभी आहेत. ससा त्यांच्या मागं आहे असं कळलं. मला वाईट वाटलं, ते मी लपवत नाही. पाट्या उतरवल्या गेल्या तेव्हा इतकं वाटलं नव्हतं.

या पावसाळ्याच्या शेवटी माने सिस्टरांचा फोन आला. म्हणाल्या, मंगळवारी येऊन जा, एक बघायचंय तुम्हाला. काय ते सांगेनात. मी एसटीनं गेलो.

पांढरी खोली, सहा खाटा. खिडकीजवळच्या खाटेवर अक्षता. आता बारावीला आहे. उंची फारशी वाढलेली नाही, पण आवाजात ठामपणा आलाय. शेजारी भूपालअण्णा, स्टुलाऐवजी खुर्चीवर. बाकीच्या खाटांवर लहान मुलं. सिस्टरांनी मला एकेकाचा हात दाखवला. सुई हलू नये म्हणून वरून पांढरी चिकटपट्टी लावतात. प्रत्येकाच्या पट्टीवर बॉलपेननं काढलेला एक ससा होता. अंगठ्याच्या नखाएवढा.

मी वाकून बघितलं. चार रेघा. दोन कानांच्या, एक पाठीची, एक शेपटाची. चेहरा नव्हता. ससा पाठमोरा बसला होता. पाठीला बाक होता, आणि एवढ्याशा जागेत त्याला वजन होतं. तो खरोखर बसला होता.

मी अक्षताला विचारलं, तोंड का काढत नाहीस?

ती म्हणाली, "तोंड काढलं की तो आपल्याकडं बघतो. असा असला की आपण बघतो तिकडंच बघतो."

मी तीस वर्षं अक्षरं काढली आणि पुढं पंधरा वर्षं पात्रं. माझ्या ध्यानात हे आलं नव्हतं. मी तिच्या उशाशी बसलो. ती सांगत होती, की पट्टी काढली की ससा जातो, मुलं पुढच्या खेपेला आल्यावर आधी ससा मागतात आणि मग हात पुढं करतात. भूपालअण्णांनी मधेच सांगितलं, की पोरं तिला सशाची ताई म्हणतात. सांगताना ते माझ्याकडं न बघता खिडकीकडं बघत होते.

तेवढ्यात एक नवीन बाळ आलं. अडीच-तीन वर्षांचं, वाईकडचं, पहिल्यांदाच या खोलीत. आई घाबरलेली. सुई लावताना दोघी सिस्टरांनी धरलं, आणि त्यानं सगळी इमारत ऐकेल असा टाहो फोडला. सुई लागली, पट्टी लागली. अक्षतानं उशीखालून पेन काढलं. पण त्या दिवशी तिच्या डाव्या हाताची शीर सापडली नव्हती, सुई उजव्याला होती आणि रक्त चालू होतं. बाकीच्यांचे ससे तिनं स्वतःची सुई लागायच्या आधी काढले होते, आता तिला तो हात हलवता येत नव्हता. तिनं पेन माझ्यापुढं धरलं.

"काका, तुमी काढा."

मी पेन घेतलं. त्या बाळाचा हात माझ्या दोन बोटांत मावेल एवढा. मी सवयीनं आधी डोक्याचा गोल काढायला गेलो.

"न्हाई, काका. पाठ," ती तिच्या खाटेवरून म्हणाली.

मी पाठीची रेघ ओढली. मग कान, एक आणि दुसरा. दुसरा जरा वाकडा झाला. मी तो तसाच ठेवला आणि शेपूट काढलं. बाळाचं रडणं थांबलं नाही. पण रडता रडता त्यानं मोकळ्या हाताचं एक बोट सशाच्या पाठीवर ठेवलं, आणि माने सिस्टरांनी वरची पिशवी चालू केली.